कसारा ते परळ : हृदयाचा आजार असलेल्या मुलांच्या संगोपनाचा इतिहास

हृदयाच्या रचनेत जन्मतःच दोष असलेली बाळे जगात सगळीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात जन्माला येतात : हजार जन्मांमागे साधारण आठ ते नऊ. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या बाळांचा दोष इतका गंभीर असतो की पहिल्या वर्षात उपचार झाले नाहीत तर मूल हाती लागणे कठीण. हे प्रमाण मुंबईच्या मलबार हिलवर जेवढे, तेवढेच शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या किंवा मुरबाडमधल्या टोकावड्याच्या एखाद्या पाड्यावर. फरक पडतो तो पुढे. दोष कोणाच्या ध्यानात येतो, किती दिवसांनी येतो आणि ध्यानात आल्यावर घरची माणसे कुठवर जाऊ शकतात, यावर त्या मुलाचे आयुष्य ठरते. कसारा परिसराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या नजरेने पाहिला, तर शस्त्रक्रिया इथल्या मुलांच्या आवाक्यातल्या अंतरावर फार आधी आलेली दिसते. आजार ओळखणारा माणूस पाड्यावर पोहोचायला मात्र त्यानंतर आणखी साठेक वर्षे गेली.

कसारा हे थळ घाटाच्या पायथ्याचे गाव. १ जानेवारी १८६१ रोजी इथपर्यंत रेल्वे आली आणि बरोबर चार वर्षांनी, १८६५च्या १ जानेवारीला, ती घाट चढून इगतपुरीला पोहोचली. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असल्याने गाड्यांना इथे जादा इंजिने लावावी लागत, आजही लागतात. मुंबईची लोकल इथे संपते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कसारा सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे लोकलने अडीच-पावणेतीन तास. खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद ही स्थानके शहापूर तालुक्याला मुंबईशी जोडतात. शेजारच्या मुरबाडला रेल्वे नाही. तिथला माणूस एसटीने कल्याणला येतो आणि तिथून पुढे जातो. कसाऱ्याची खरी वस्ती रुळांपासून दूर, डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांवर आहे : ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली आणि कुणबी. पावसाळ्यात भात, नागली, वरई. दिवाळी उलटली की वीटभट्ट्यांची वाट.

एकोणिसाव्या शतकात या घरांत जन्मलेल्या, हृदयाच्या दोषाने निळसर दिसणाऱ्या बाळांची कागदावर कुठेच नोंद नाही. ब्रिटिश काळात मृत्यूची नोंद गावचा पोलीस पाटील करी आणि कारणांचे रकाने ठरलेले असत : पटकी, देवी, ताप, हगवण, इजा आणि उरलेले सगळे ‘इतर’. हृदयाचा दोष असलेल्या बाळाला शेवटी बहुधा छातीचा संसर्ग होतो. ते तापाने फणफणते आणि जाते. म्हणजे रकाना भरला जाई तो तापाचा. रेल्वेच्या नोकरांची स्थिती वेगळी होती. कसाऱ्याच्या रेल्वे वसाहतीतल्या कुटुंबाला पुढे कल्याण आणि भायखळ्याची रेल्वे रुग्णालये मिळाली. रुळांपलीकडच्या पाड्याला तसे काही मिळाले नाही. एकाच गावात, एकाच शिट्टीच्या टप्प्यात राहणाऱ्या दोन घरांमधला हा फरक शंभर वर्षे टिकला.

पाड्यावर आजाराचा अर्थ लावणारी माणसे दोन, सुईण आणि भगत. त्यांच्या अर्थाला अनुभवाचा आधार होता, ही गोष्ट नंतरच्या अनेक लेखकांनी नजरेआड केली आहे. हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र असले, तरी बाळ जन्मतः ठणठणीत दिसते. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब पहिल्या काही आठवड्यांत उतरत जातो, तसतसे जास्त रक्त फुप्फुसाकडे वाहू लागते आणि महिना-दीड महिन्याच्या सुमारास बाळाला धाप लागायला लागते. म्हणजे पाचवीची पूजा नीट पार पडते, बारसे होते, पाहुणे बाळाला बघून जातात आणि त्यानंतर ते दूध ओढायचे थांबते. चांगले असलेले बाळ लोकांनी बघितल्यावर बिघडले, तर दृष्ट लागली असे म्हणण्यात त्या काळच्या आईची चूक कशी काढणार? मग मीठ-मोहरी ओवाळली जाई, भगताकडे तांदूळ दाखवले जात. पोट उडायला लागले की काही घरांत बिब्बा घालीत किंवा तापलेल्या सळईने डाग देत. त्याने बाळाचे हालच वाढत. नवस बोलले जात ते टिटवाळ्याच्या गणपतीला, किंवा पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेत म्हसोबाला.

दुसऱ्या प्रकारचे मूल थोडे वाढते. चार दोष एकत्र असलेला आणि फॅलो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ साली सविस्तर वर्णन केलेला आजार त्याला असतो. ओठ व नखे निळसर, बोटांची टोके फुगीर, चार पावले धावले की धाप. असे मूल दम लागला की उकिडवे बसते. तसे बसल्याने पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि फुप्फुसाकडे जाणारे रक्त वाढते. हा उपाय मुलाला कोणी शिकवत नाही, शरीरच शोधून काढते. शहरातल्या डॉक्टरला या बसण्यावरून निदानाची दिशा मिळे. पण ज्या अंगणात सगळीच माणसे उकिडवी बसून जेवतात, बिडी ओढतात, गप्पा मारतात, तिथे एक पोर जरा जास्त वेळा उकिडवे बसते हे कोणाच्या डोळ्यांत भरणार?

उपचाराची बाजू दूर देशांत घडत होती. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली एका मुलीच्या हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधून टाकली. बाल्टिमोरमध्ये २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयोगशाळेतल्या कामाच्या बळावर एका निळ्या बाळावर शस्त्रक्रिया केली. थॉमस कृष्णवर्णीय होते, महाविद्यालयात शिकू शकले नव्हते. त्यांचे नाव या शस्त्रक्रियेला जोडले जायला अनेक दशके गेली. १९५३ साली गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र वापरून हृदयातले छिद्र बंद केले आणि १९५४ साली लिलेहाय यांनी मिनेसोटात मुलाचे रक्ताभिसरण काही वेळ मोठ्या माणसाच्या, बहुधा त्याच्या आई-वडिलांपैकी एकाच्या, शरीराला जोडून उघड्या हृदयावर काम केले.

मुंबईत या विद्येचे घर परळ झाले. केईएम रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले होते. शेजारी १९२९ साली बाय जेरबाई वाडिया यांच्या नावाचे मुलांचे रुग्णालय उभे राहिले. केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५०च्या दशकात हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला. फेब्रुवारी १९६८मध्ये, बर्नार्ड यांनी केपटाऊनला केलेल्या हृदयप्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, सेन यांनी भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या काळी या विभागात येणारे बरेच रुग्ण लहान किंवा तरुण असत आणि त्यांचा आजार जन्मजात नसे. घसा दुखून येणाऱ्या साध्या संसर्गानंतर काही मुलांना सांधे सुजणारा ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होतात. दाटीची घरे, पोटाला कमी आणि वेळेवर न मिळालेले पेनिसिलिन ही त्याची कारणे. परळच्या चाळींत तो जसा होता, तसाच आश्रमशाळांच्या वसतिगृहांतही.

कसाऱ्याहून सुटलेली लोकल दादरला थांबते आणि दादरहून परळ हाकेच्या अंतरावर. तरीही १९५० ते १९९० या चाळीस वर्षांत या भागातली फार थोडी मुले तिथे पोहोचली असणार, याची कारणे रेल्वेच्या वेळापत्रकात सापडत नाहीत. पाड्यावरून स्थानकापर्यंत आजारी पोर झोळीत घालून आणावे लागे. मुळात छातीचा आवाज ऐकून ‘याला मोठ्या दवाखान्यात न्या’ असे सांगणाराच नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेल्या मुलाला खोकल्याचे औषध मिळे, ते तात्पुरते बरे होई आणि पुन्हा आजारी पडे. हृदयाचे चित्र पडद्यावर दाखवणारी टू-डी एको तपासणी १९८० नंतर शहरांत रुळली. त्याआधी निदान पक्के करायला जांघेतून नळी घालून तपासणी करावी लागे आणि ती मोजक्याच ठिकाणी होई.

याच काळात एक गोष्ट आजार झाकून टाकत होती. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली आणि मुलांची वजने घेतली जाऊ लागली. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, तेव्हा सगळ्या राज्याचे लक्ष ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्याकडे वळले. १९९५ साली नवसंजीवन योजना आली. मानसेवी डॉक्टरांची भरारी पथके पावसाळ्यात पाड्यांवर फिरू लागली. हे सगळे अत्यंत गरजेचे होते. पण वजन न वाढणारे प्रत्येक मूल कुपोषित या एकाच यादीत जाऊ लागले. हृदयाला छिद्र असलेले बाळ दूध ओढताना दमते, कपाळावर घाम येतो, चार घोट घेऊन थांबते. त्यातच त्याच्या शरीराला श्वासासाठी इतरांपेक्षा जास्त शक्ती खर्च करावी लागते. त्याला पोषण आहार कितीही दिला तरी काटा हलत नाही आणि दोष आईच्या माथी येतो : ही पोराला भरवत नाही. या भागातल्या कितीतरी बायकांनी हा बोल ऐकून घेतला आहे.

निदान झालेल्या मुलाला घरी सांभाळणे हे एक पूर्ण काम आहे आणि ते प्रामुख्याने आई, आजी आणि थोरली बहीण करते. पाजायचे थोडे-थोडे, दर दोन तासांनी. अंगावर पिऊन दमले तर दूध काढून वाटी-चमच्याने. फुप्फुसातले पाणी उतरवायला लॅसिक्स देतात. लहान बाळासाठी गोळी कुटून तिच्या पुड्या बांधून मिळतात आणि त्या सकाळ-संध्याकाळ चुकवून चालत नाही. काहींना लॅनॉक्सिन या हृदयाच्या औषधाचे थेंब असतात. त्यात मोजमाप चुकले तर जिवावर बेतते, म्हणून घड्याळ न वाचणाऱ्या आईला सूर्य आणि लोकलच्या वेळा यांच्या हिशेबाने औषध समजावून सांगावे लागे. निळ्या मुलाला उन्हाळ्यात आणि जुलाबात पाणी कमी पडू देता येत नाही, कारण त्याचे रक्त आधीच दाट असते. ते रडून-रडून काळेनिळे पडले तर गुडघे छातीशी दाबून कुशीत घ्यायचे, हे शिकवलेल्या आईने कितीतरी मुले दवाखान्यापर्यंत जिवंत आणली आहेत. मूल रडू नये म्हणून घरात त्याचा प्रत्येक हट्ट पुरवला जातो, भावंडांच्या वाट्याचेही त्याला दिले जाते. धाकट्याला पाठीवर बांधून पाणी आणणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी यात शाळेला मुकते. उन्हाळ्यात शहापूरच्या अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे याच तालुक्यात असताना आजारी मुलाची आई हंडा घेऊन उतारावर जाते, ही या भागाची जुनी आणि न सुटलेली वेदना आहे.

पैशाचा प्रश्न शासनाच्या पातळीवर पहिल्यांदा हातात घेतला गेला तो १९९७ साली, जीवनदायी योजनेने. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्या शस्त्रक्रियांसाठी मदत मिळू लागली. त्यासाठी पिवळे रेशनकार्ड, तहसीलदाराचा दाखला आणि मंजुरीची वाट पाहण्याइतका वेळ लागे. बाळाच्या हृदयाला तेवढा वेळ असतोच असे नाही. उरलेला खर्च मुख्यमंत्री सहायता निधी, देवस्थाने आणि धर्मादाय संस्थांकडे अर्ज करून जमवायचा. हे अर्ज लिहून देणारे रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक ही या इतिहासातली फार मोलाची आणि फार कमी उल्लेखलेली माणसे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मुंबई होती, रायगड होता, ठाणे नव्हते. ठाण्यासह सगळ्या राज्याला ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून मिळाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण, रुग्णालयात पैसे न भरता उपचार आणि दारातच मदतीला बसलेला आरोग्यमित्र. १ एप्रिल २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झाले. २०२३ साली हे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा आणि योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला.

ओळखण्याचा प्रश्न सुटायला सुरुवात झाली ती ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आणि ती ठाणे जिल्ह्यातच झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात त्या दिवशी पालघरला झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो वेगळा जिल्हा झाला आणि शहापूर, मुरबाड ठाण्यातच राहिले. या कार्यक्रमात दोन आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तीसेक आजारांसाठी तपासणी करते. जन्मजात हृदयदोष आणि ऱ्हुमॅटिक हृदयरोग हे दोन्ही त्या यादीत आहेत. छातीला स्टेथोस्कोप लावून वेगळा आवाज ऐकणारा माणूस पाड्यावर स्वतः येऊ लागला, हा बदल कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा मोठा आहे.

पुढची वाट आता ठरलेली आहे. खर्डीच्या किंवा टोकावड्याच्या ग्रामीण रुग्णालयातून, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून ठाण्याला टू-डी एकोसाठी. निदान झाले की योजनेतल्या रुग्णालयात. केईएम आणि वाडिया तर आहेतच, शिवाय नवी मुंबईत खारघरला २०१८ पासून श्री सत्य साई संजीवनी हे लहान मुलांच्या हृदयावर मोफत उपचार करणारे केंद्र आहे. काही छिद्रांना आता छाती उघडावी लागत नाही, जांघेतल्या रक्तवाहिनीतून ‘छत्री’ बसवतात. भूगोलाने कसाऱ्याला नाशिक मुंबईपेक्षा जवळ आहे आणि तिथे हृदयरोगासाठी विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयही आहे. पण कागदांचा ओघ जिल्ह्याच्या मुख्यालयाकडे, घाटाच्या खाली वाहतो.

दवाखान्यात भरती म्हणजे घराची दोन ठिकाणी फाळणी. आई मुलाजवळ, बाप बाहेर, बाकीची पोरे आजीकडे. शस्त्रक्रियेआधी रक्तदाते आणायला सांगतात तेव्हा पाड्यावरची पोरे पहाटेची लोकल पकडून येतात. ज्याच्या हाताला त्या दिवशी मजुरी होती, त्याची ती बुडते. रात्री बापाचा मुक्काम रुग्णालयाच्या व्हरांड्यात, जागा मिळाली तर धर्मशाळेत. उपचार मोफत झाले तरी हा खर्च कोणत्याही योजनेत धरलेला नाही. आणि वीटभट्टीच्या मोसमात अडचण आणखी वाढते. पथकाने सप्टेंबरात शोधलेल्या कातकरी मुलाची तारीख जानेवारीत येते, तेव्हा कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर असते, मालकाची उचल फिटायची असते आणि घराला कुलूप. अशा मुलांना शोधत भट्ट्यांवर जाणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविका आहेत. हे त्यांच्या कामाच्या यादीत लिहिलेले नसते.

मुलगी असेल तर आणखी एक अडसर. दिल्लीच्या एम्समधल्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया सुचवलेल्या मुलांपैकी ७० टक्के मुलग्यांची, पण फक्त ४४ टक्के मुलींची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. छातीवरच्या व्रणाने लग्न अडेल ही भीती घराघरात आहे. ठाकूर, कातकरी, वारली समाजांत मुलीच्या लग्नाचा व्यवहार हुंड्याचा नसून वराकडून वधूच्या घरी द्यायच्या देजाच्या रीतीवर चालत आलेला आहे. तरी शेतात राबू न शकणारी सून कोण करील, हा प्रश्न तिथेही विचारला जातोच.

मार्च २०२०मध्ये लोकल बंद झाल्या आणि कसाऱ्याची मुंबईशी असलेली नाळ तुटली. मोठी रुग्णालये कोरोनाच्या कामात गुंतली, तपासण्यांच्या तारखा पुढे गेल्या, औषधे संपली. त्याच वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र घरोघर पोहोचले. मोठ्यांच्या बोटासाठीची ती चिमटी तान्ह्याच्या बोटावर नीट बसत नाही. बाळाच्या तळपायाला लावायची पट्टी वेगळी असते. तरी रक्तातला प्राणवायू आकड्यात दिसतो ही गोष्ट पाड्यावर माहीत झाली ती तेव्हापासून.

शस्त्रक्रियेनंतरही देखरेख संपत नाही. झडपेचा आजार असलेल्या मुलाला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते टोचायला दुखते, रिॲक्शनच्या भीतीने काही दवाखाने द्यायला कचरतात आणि आश्रमशाळेतल्या मुलाची तारीख लक्षात ठेवणे अधीक्षकाच्या आस्थेवर अवलंबून राहते. फॅलोचा दोष दुरुस्त झालेल्या मुलाची झडप मोठेपणी गळू शकते, म्हणून त्याने जन्मभर तपासणीला जायचे असते. पण बाल स्वास्थ्य पथकाची नोंदवही अठराव्या वर्षी संपते. त्या मुलांतली जी आज संसाराला लागली आहेत, त्यांच्यातल्या मुलींची छाती पुन्हा ऐकली जाते ती गरोदरपणी, २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत होणाऱ्या सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत. मुलग्यांसाठी तशी तारीख अजून कोणत्याही कार्यक्रमात नाही. परळच्या बाह्यरुग्ण विभागात ते आपणहून गेले, तरच त्यांची तपासणी होते.